विरघळणारे रक्तस्तंभक (रक्त थांबवणारे) साहित्य ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) कसे वापरावे

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत पसरलेल्या लहान नर्सिंग होममध्ये बहुधा स्वतःची रक्तपेढी नसते, आणि मागवलेली रक्ताची पिशवी वाहतुकीतून वाट काढत येईपर्यंत ओटीत जे असेल त्यावर निभवावे लागते. त्यामुळे कपाटातील रक्त थांबवणारे स्पंज आणि जाळी यांतला फरक सर्जनइतकाच सिस्टरलाही ठाऊक हवा.

धमनीतून उसळणारे रक्त या साहित्याने थांबत नाही. तिथे बंध (रक्तवाहिनी धाग्याने बांधणे), टाका किंवा कॉटरीच (उष्णतेने रक्तवाहिनी बंद करणे) हवी. जिथे रक्त पाझरत राहते आणि टाका धरत नाही, उदाहरणार्थ पित्ताशय काढल्यावर उघडी पडलेली यकृताची बाजू, तिथे याचा खरा उपयोग.

ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी कोरडीच ठेवावी आणि पाकीट गरज पडल्यावरच फोडावे. ती आम्लधर्मी असल्याने जंतूंची वाढ रोखते, पण त्याच आम्लतेमुळे थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारे प्रथिन) निकामी होते, म्हणून दोन्ही एकत्र वापरू नयेत. जिलेटिन स्पंज मात्र कोरडा, सलाईनमध्ये भिजवून किंवा थ्रॉम्बिनसह वापरता येतो; भिजवताना बोटांनी दाबून आतली हवा काढावी. तो बहुधा डुकराच्या कातडीपासून बनतो, त्यामुळे रुग्णाला हे संमतिपत्राच्या वेळीच सांगावे, टेबलावर घेतल्यावर नव्हे. तिसरा प्रकार म्हणजे सूक्ष्मतंतू कोलॅजन (प्रथिनाचे बारीक तंतू); ते ओल्या ग्लोव्हजला चिकटते, म्हणून कोरड्या फोर्सेप्सने (चिमट्याने) उचलावे.

जागा गॉजने टिपून, लागेल तेवढाच तुकडा ठेवून त्यावर काही मिनिटे स्थिर दाब द्यावा. ‘थांबले का’ म्हणून मधूनमधून उचलून पाहण्याची सवय घातक आहे, कारण त्यासरशी नुकतीच धरलेली गुठळीही सुटते. वरचा गॉज काढण्यापूर्वी सलाईनने भिजवावा.

रक्त थांबल्यावर जास्तीचा तुकडा हलक्या हाताने काढणे सर्वांत महत्त्वाचे आहे. जिलेटिन आत चार ते सहा आठवडे राहते आणि रक्त शोषून फुगते. मणक्याच्या पोकळीत किंवा दृष्टिचेतेजवळ (डोळ्याच्या मज्जातंतूजवळ) ही फुगवट मज्जातंतूवर दाब आणू शकते. संसर्ग झालेल्या जखमेत आणि रक्तवाहिनीच्या आत ते मुळीच वापरू नये.

आत काय, किती आणि कुठे ठेवले, हे ऑपरेशन नोट्समध्ये आणि डिस्चार्ज कार्डावरही लिहावे, कारण पुढे सीटी स्कॅनमध्ये हवेचे बुडबुडे अडकलेला हाच तुकडा गळूसारखा दिसतो आणि नोंद नसेल तर रुग्णाचे पोट विनाकारण पुन्हा उघडले जाऊ शकते.