प्लांट-बेस्ड डाएट सुरू करताय? आधी प्रोटीनचं बघा

वजन कमी करायचं म्हणून मांस, अंडी, दूध सगळं एकदम बंद करतात आणि मग दिवसभर ब्रेड, बटाटा, बिस्किटं खात बसतात, त्यानं वजन उतरत नाही हो, कारण चिप्स आणि कोल्ड्रिंकपण प्लांट-बेस्डच असतात! ताटात अर्ध्या भागात भाज्या घ्या, पाव भागात डाळ, राजमा, चणे किंवा टोफू (सोयाबीनचं पनीर), उरलेल्या पाव भागात अख्खं धान्य. शिजलेल्या 100 ग्रॅम मसूरमधे साधारण 9 ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि फायबरमुळे पोट बराच वेळ भरलेलं राहतं, म्हणून अधेमधे खाणं आपोआप कमी होतं. तेल मात्र मोजूनच घाला, एका मोठ्या चमच्यात जवळपास 120 कॅलरी असतात, सुकामेव्याचंही तसंच, मूठभर पुरे.

कडधान्यं हळूहळू वाढवा नाहीतर गॅस होतो, पाणीही भरपूर प्या. डाळीवर लिंबू पिळलं की लोह चांगलं शोषलं जातं, चहा-कॉफी जेवणानंतर तासाभरानं.

आणि व्हिटॅमिन बी-12 ची गोळी प्लीज टाळू नका, सगळं प्राणीजन्य सोडलं तर ते भाज्यांतून मिळत नाही. डायबेटिस किंवा बीपीची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, खाणं बदललं की डोसपण बदलावा लागू शकतो.