लव्हक्राफ्टची भयकथा नव्याने लिहिताना

अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याच्या एखाद्या कथेचे पुनर्लेखन करायचे असेल, तर त्यातला वंशद्वेष खोडून टाकण्याची घाई करू नये. तो कथेत कोणते काम करतो, हे आधी शोधावे. त्यासाठी स्थलांतरितांची आणि मिश्रवंशीयांची वर्णने बाजूला ठेवून कथा पुन्हा वाचावी आणि भीती किती उरते ते पाहावे. ‘द कलर आउट ऑफ स्पेस’मध्ये ती जवळजवळ सगळी उरते, कारण उल्केतून येऊन शेतकरी कुटुंबाला पोखरणाऱ्या त्या रंगाला माणसांच्या वंशाशी काही देणेघेणे नाही. लव्हक्राफ्टने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या वास्तव्यात, १९२५ साली लिहिलेल्या ‘द हॉरर ॲट रेड हुक’मधून मात्र परक्यांची वस्ती काढली, तर हाती फारसे काही लागत नाही. (कथा म्हणूनही ती सुमारच आहे.)

तरीही पुनर्लेखनाला अशीच कथा निवडावी. मूळ कथेत ज्याचे केवळ वर्णन होते, पण ज्याला बोलू दिले जात नाही, त्याच्या हाती निवेदन सोपवावे आणि त्याला खरोखर कशाची भीती वाटेल, हे विचारावे. व्हिक्टर लाव्हाल यांनी ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’ (२०१६) मध्ये रेड हुकच्या कथेत न्यूयॉर्कच्याच हार्लेम वस्तीतला एक कृष्णवर्णीय तरुण मध्यभागी आणला. त्याच्या निःशस्त्र वडिलांना एक गोरा खासगी गुप्तहेर गोळ्या घालतो. विश्वाला माणसाची पर्वा नाही, या जाणिवेने लव्हक्राफ्टचे नायक वेडे होतात. या तरुणाला मात्र द्वेष करणाऱ्या माणसांपेक्षा ती बेपर्वाई परवडते.

यापुढचा धोका म्हणजे राक्षसांना सज्जन करून भयच घालवून बसणे. तो टाळण्यासाठी मूळ लेखकाने ओझरत्या सोडलेल्या जागा धुंडाळाव्यात. ‘द शॅडो ओव्हर इन्समाउथ’च्या आरंभी सरकारी छापे आणि खटल्याविना डांबलेले गावकरी (समुद्रातल्या अमानवी जमातीशी रक्ताचे नाते असलेले) यांचा उल्लेख येतो आणि कथा पुढे सरकते. रुथाना एम्रिस यांनी ‘द लिटनी ऑफ अर्थ’ (२०१४) तिथूनच उभी केली आणि त्या गावकऱ्यांच्या छावणीत पुढे दुसऱ्या महायुद्धातील जपानी-अमेरिकन कैदी आणले. गावकऱ्यांची ही जमात पृथ्वीवर येऊन गेलेल्या व येणाऱ्या वंशांची नामावळी प्रार्थनेसारखी म्हणते, त्यामुळे मानवजातीचे क्षुद्रपण कायम राहते, फक्त ते सोसण्याची रीत बदलते.

पहिला खर्डा मूळ कथा न वाचलेल्या व्यक्तीला वाचायला द्यावा. तिला त्यात लव्हक्राफ्टवरची टीकाच तेवढी जाणवली, तर भयाची बांधणी पुन्हा करावी.