दाढ काढायची भीती वाटते? मग निदान या चुका तरी टाळा

दाढ काढायला आलेल्या रुग्णाने तोंड उघडण्याआधीच, गालावर धरलेल्या रुमालावरून आणि शर्टाच्या खिशातून डोकावणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटावरून मला बहुधा कळते, की याने किती दिवस घरी बसून काढले आहेत. तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवण्यात माझी २३ वर्षे गेली. एवढ्या काळात सुया बारीक झाल्या, खुर्ची बदलली, क्ष-किरण यंत्र बदलले. लोकांच्या चुका मात्र त्याच राहिल्या. भीती वाटते याबद्दल माझी कोणाविषयीही तक्रार नाही. मी स्वतः शिकत असताना, रोज दुसऱ्यांच्या दाढा काढत असूनही, माझी अक्कलदाढ काढून घ्यायचे दोन वर्षे टाळले होते. माझी तक्रार आहे ती भीतीपायी केल्या जाणाऱ्या उद्योगांबद्दल, कारण जी दाढ १५-२० मिनिटांत जवळजवळ न दुखता निघाली असती, ती या उद्योगांमुळेच दुखते, आणि मग रुग्ण विजयी मुद्रेने सांगतो, ‘बघा, मी म्हणत होतो ना!’

गोळ्यांवर दिवस काढणे

एस.टी.तून निवृत्त झालेले एक वाहक माझ्याकडे गणपतीच्या आधी आले होते. खालची डावी दाढ पोखरून केवळ कवच उरले होते, आणि काढण्यावाचून उपाय नव्हता. तारीख दिली, तर म्हणाले, गणपती होऊ द्या. मग पितृपक्षात नको म्हणाले, मग घरात दिवाळीची गडबड होती, आणि तुळशीचे लग्न लागल्यावर नक्की येतो असा निरोप आला. मध्ये तीनदा दाढ ठणकली आणि तिन्ही वेळा औषधाच्या दुकानातून, कोणालाही न विचारता, तीन दिवसांची अँटिबायोटिक आणि वेदनाशामक गोळी आणून त्यांनी वेळ मारून नेली. दुखणे थांबले म्हणजे आजार बरा झाला, असा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात दाढेतली नस केव्हाच मेली होती आणि मुळाशी पू साचत होता. गोळीने तो काही काळ दबत होता, एवढेच.

मार्गशीर्षात एका सकाळी मुलगा त्यांना घेऊन आला तेव्हा गाल टरारून सुजला होता, तोंडात जेमतेम एक बोट जात होते, आणि रात्रभर गरम वाळूच्या पुरचुंडीने शेकल्यामुळे कातडी लालबुंद झाली होती. मी भूल दिली. ओठ बधिर झाला, पण दाढ नाही. याचे कारण साधे आहे. पू झालेल्या जागेतले पेशींभोवतीचे द्रव आम्लधर्मी होतात, आणि अशा आम्लात आम्ही भुलीसाठी वापरतो ते लिग्नोकेन नसेच्या आवरणातून पुरेसे आत शिरू शकत नाही, त्यामुळे औषध तेच, हातही तोच, तरी गुण निम्मा. त्या दिवशी मी दाढेला हात लावला नाही. फक्त पू वाहता केला, आणि तेवढ्यानेही ते कळवळले. योग्य औषधे देऊन सूज ओसरू दिली आणि सहाव्या दिवशी तीच दाढ काढली, तेव्हा ‘झालं?’ असे त्यांनीच मला विचारले. गावात मात्र त्यांनी सांगितली ती पहिल्या दिवसाची गोष्ट, सहाव्या दिवसाची नव्हे. त्यांच्या गल्लीतल्या दोघांनी त्याच आठवड्यात माझ्याकडची वेळ रद्द केली.

म्हणून माझा आग्रह असा, की दाढ शांत असताना ती काढून घ्यावी. ‘आता दुखत नाही, मग कशाला?’ हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो आणि रोज मी तेच उत्तर देतो: दुखत नाही, म्हणूनच. सुजेवर बाहेरून शेक देऊ नये. सूज जबड्याखाली उतरली, थुंकी गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटू लागली किंवा श्वास अडखळू लागला, तर दाताच्या दवाखान्याचीही वाट न पाहता थेट मोठे रुग्णालय गाठावे. ही अवस्था जिवावर बेतू शकते आणि तिथे धीर देण्याघेण्याला वेळ नसतो.

उपाशीपोटी येणे

‘दाढ काढायची म्हणून सकाळपासून काही खाल्लं नाही’ हे वाक्य लोक मला एखादे पुण्यकर्म सांगावे तसे सांगतात. पूर्ण बेशुद्ध करून शस्त्रक्रिया करायची असेल तर उपाशी राहावे लागते. दवाखान्यात फक्त तेवढा भाग बधिर करून दाढ काढताना उलट पोटभर खाऊन यायचे असते. भीतीने आधीच नाडीचा ताल बिघडलेला, त्यात पोट रिकामे, आणि वर सुई दिसली, की रक्तदाब एकदम खाली येतो, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खुर्चीतच मान टाकतो.

एका बाईंनी संकष्टीच्या दिवशी संध्याकाळी सहाची वेळ घेतली होती. सकाळपासून पोटात फक्त चहा होता, हे त्यांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. ती चूक माझी, आणि तेव्हापासून ‘काय खाल्लंत?’ हा माझा पहिला प्रश्न असतो. इंजेक्शन देऊन मिनिटही झाले नसेल तोच त्या बेशुद्ध झाल्या. खुर्ची आडवी केली, पाय उंच केले, आणि अर्ध्याएक मिनिटात त्या डोळे उघडून बोलू लागल्या. चंद्रोदय व्हायचा होता म्हणून साखरपाणी मात्र त्यांनी घेतले नाही. येथवर काहीच बिघडलेले नव्हते. बिघडले ते पुढे. घरी गेल्यावर कोणीतरी सांगितले, की हा इंजेक्शनचा परिणाम आहे, आणि त्या क्षणापासून त्यांच्या मनावर आणि पुढे प्रत्येक डॉक्टरच्या कागदावर ‘भुलीच्या इंजेक्शनची ॲलर्जी’ अशी नोंद झाली. त्या भीतीने त्यांनी सहा वर्षे दात दाखवला नाही. परत आल्या तेव्हा एकाच्या जागी चार दाढा गेल्या होत्या. माझ्याकडची त्या दिवसाची नाडीची आणि रक्तदाबाची नोंद मी त्यांना दाखवली, दुपारचे जेवून यायला सांगितले, आडवे झोपवून सावकाश भूल दिली, आणि काहीही झाले नाही.

लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फारच क्वचित असते. इंजेक्शननंतर छातीत धडधडते त्याला बहुधा वेगळे कारण असते: भूल टिकावी आणि रक्तस्राव कमी व्हावा म्हणून औषधात थोडे ॲड्रेनॅलिन मिसळलेले असते, आपल्याकडे बहुधा ८० हजारात १ या प्रमाणात. धडधड काही मिनिटांत आपोआप शमते. हे आधी माहीत असलेला माणूस घाबरत नाही, माहीत नसलेल्याला तो हृदयविकाराचा झटका वाटतो. ज्यांना खरोखर हृदयविकार आहे, त्यांनी अर्थातच ते आधी सांगावे. मधुमेह असलेल्यांनी तर नेहमीची गोळी आणि नेहमीचा नाश्ता घेऊन सकाळचीच वेळ घ्यावी. खरे तर सकाळची वेळ सर्वांनीच घ्यावी. संध्याकाळच्या वेळेसाठी दिवसभर घाबरत बसणे हा फुकटचा छळ आहे.

भीती लपवणे

विशेषतः पुरुष. ‘मला काही भीतीबिती नाही, तुम्ही उरका’ म्हणणाऱ्याच्या हाताची पकड खुर्चीच्या दांडीवर बघावी. भीती ही मोजता येण्यासारखी गोष्ट आहे. दंतवैद्यकात त्यासाठी ५ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरतात: उद्या दवाखान्यात जायचे असेल तर काय वाटते, बाहेर थांबताना काय वाटते, दात कोरायच्या वेळी, साफ करायच्या वेळी आणि हिरडीत सुई घेताना काय वाटते. सर्वाधिक गुण २५. १९ किंवा त्याहून अधिक आले, तर भीती तीव्र समजतात. अशा रुग्णासाठी मी वेगळा वेळ राखतो, आधी हिरडीला बधिर करणारे मलम लावतो आणि औषध अगदी हळू, म्हणजे एक मिलिलिटरला साधारण एक मिनिट या गतीने सोडतो, कारण इंजेक्शनची कळ बरीचशी सुईची नसते, घाईने ढकललेल्या औषधाची असते. पण हे सगळे करायचे तर मला आधी कळायला हवे.

याच्याच पोटातली दुसरी चूक म्हणजे दाब आणि वेदना यांतला फरक समजून न घेणे. भूल वेदना थांबवते. ढकलल्याची, हलवल्याची जाणीव बऱ्याच अंशी शिल्लक राहते. दाढ ओढून काढत नाहीत, तर तिच्याभोवतीचे हाड हळूहळू रुंदावून आणि तिला धरून ठेवणारे तंतू सोडवून ती सैल करतात, त्यामुळे जोर लागतो, आणि कधी कडकन आवाजही होतो. तो आवाज हाडातून थेट कानात जात असल्याने तुम्हाला जेवढा मोठा ऐकू येतो तेवढा तो मला येत नाही. माझ्याकडे नियम असा, की काम सुरू करण्याआधी मी टोकदार अवजाराने हिरडी टोचून दाखवतो, आणि टोचल्यासारखे वाटले तर पुन्हा भूल देतो. मध्येच काहीही वाटले तर डावा हात वर करायचा, मी थांबतो. उजवा हात करू नये, तो माझ्या हातावर आदळतो. बहुतेक जण हा हात एकदा उगीचच वर करून बघतात. मी थांबतो, आणि त्यानंतर ते पुन्हा करत नाहीत. श्वास रोखून धरू नये. नाकाने घ्यावा आणि घ्यायला लागला त्याहून जास्त वेळ लावून तोंडाने सोडावा. हे आदल्या रात्री चार वेळा करून बघावे, ऐनवेळी शिकायला जाऊ नये.

बाकीच्या चुका, ज्यांवर वेळ घालवायची माझी इच्छा नाही

दुखऱ्या दाढेपाशी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका. दाढ तशीच राहते आणि हिरडी भाजते. मिश्रीचेही तेच, तिने दुखणे थांबत नाही, फक्त सवय लागते.

धीर यावा म्हणून ‘एक पेग’ मारून येऊ नका. मी परत पाठवतो, आणि पुढच्या वेळी तुमच्या पत्नीला सोबत बोलावतो.

आदल्या रात्री दाढ काढण्याच्या ध्वनिचित्रफिती पाहू नका. त्या शिकणाऱ्यांसाठी असतात.

वरची दाढ काढली की नजर जाते, हे आजीने सांगितले असले तरी खोटे आहे. दाढेला संवेदना देणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका. ज्यांनी सुरू केली त्यांना विचारा आणि आम्हाला सांगा. हिरडीतले रक्त दाबून थांबवता येते, हृदयातली गुठळी तशी थांबवता येत नाही. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली इंजेक्शनेही सांगा, कारण त्यांतल्या काहींमुळे दाढ काढल्यावर जबड्याचे हाड भरून येत नाही.

मुलांना ‘सुई देणार नाहीत’ असे खोटे सांगून आणू नका. पहिल्या मिनिटाला तुमचे खोटे उघडे पडते, आणि त्यानंतर मूल तुमच्यावरही विश्वास ठेवत नाही आणि माझ्यावरही. ‘थोडं टोचेल, मग गाल झोपी जाईल’ एवढे पुरते. आणि एरवी जेवत नाही म्हणून ‘डॉक्टरकडे नेऊन सुई देईन’ अशी धमकी देणाऱ्या आईवडिलांनी, मूल माझ्या खुर्चीवर लाथा झाडते तेव्हा माझ्याकडे आश्चर्याने पाहू नये.

सोबत एक माणूस आणावा, पाच नव्हे. त्या एकानेही स्वतःच्या दाढेची कथा सांगू नये.

घाईघाईने घरी जाणे

सुटलो एकदाचे, या आनंदात लोक माझे शेवटचे दोन मिनिटांचे बोलणे ऐकत नाहीत, आणि चौथ्या दिवशी परत येतात. दाढेच्या जागी जी रक्ताची गुठळी बसते, तीच तिथली मलमपट्टी असते. ती सतत थुंकून, चूळ भरून, नळीने शीतपेय ओढून किंवा विडी-सिगारेटचा झुरका मारून उपटली गेली, की खालचे हाड उघडे पडते आणि काढण्यापूर्वी दुखत नव्हते असे ठणकू लागते. कळ कानापर्यंत जाते आणि तोंडाला घाण वास येतो. हे खालच्या दाढांच्या, त्यातही अक्कलदाढेच्या बाबतीत अधिक होते. म्हणून कापसाचा बोळा पाऊण तास दाबून धरावा, येणारी लाळ गिळावी, पहिले २४ तास चूळ भरू नये, आणि त्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच सुरुवात करावी. बाहेरून बर्फ चालतो, आइस्क्रीम चमच्याने चालते. खालच्या जबड्याची भूल दोन ते चार तास राहते, तोवर जेवू नये, नाहीतर बधिर ओठ स्वतःच्याच दातांखाली चिरडला जातो आणि ते संध्याकाळी कळते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, तर पुन्हा औषधाच्या दुकानात जाऊ नये, सरळ दवाखान्यात यावे. ती जागा धुऊन औषधाची पट्टी ठेवायला पाच मिनिटे लागतात, आणि त्यासाठी बहुधा सुईही लागत नाही.