पक्क्या लायसन्सची चाचणी: मोटारसायकलवर आठ काढण्याची तयारी

रंकाळ्याच्या रस्त्याने ज्याला साठच्या वेगाने गाडी पळवता येते, त्याला चाचणीच्या मैदानावर पाय न टेकता आठ काढता, म्हणजे इंग्रजी 8 च्या आकारात गाडी फिरवता येईलच असे नाही. तेथे कस लागतो तो माणसाच्या चालण्याइतक्या वेगात गाडी तोलून धरण्याचा, म्हणून तयारीचा बहुतेक वेळ या एका गोष्टीला द्यावा असे माझे ठाम मत आहे.

कच्चे लायसन्स मिळाल्यानंतर किमान ३० दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही, आणि कच्च्या लायसन्सची मुदत सहा महिन्यांची असते. म्हणजे सरावाला वेळ पुरेसा आहे. तो शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. या काळात गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगातील ‘एल’ अक्षर लावावे. गिअरच्या गाडीचे लायसन्स हवे असेल, तर सराव आणि चाचणी दोन्ही गिअरच्याच गाडीवर द्याव्यात. घरातील विनागिअर स्कूटर सोपी वाटते म्हणून तीच घेऊन जाणाऱ्याला मोटारसायकल चालवण्याची परवानगी मिळत नाही.

सरावासाठी रहदारी नसलेली मोकळी, कोरडी जागा शोधावी. पावसाळ्यात कोल्हापुरातील मैदानांवर चिखल होतो, त्यामुळे त्या दिवसांत सिमेंटचे किंवा डांबरी आवार पाहावे. दोन विटा सात-आठ पावलांच्या अंतरावर ठेवून त्यांच्याभोवती आठ काढायला सुरुवात करावी आणि हात बसत जाईल तसे अंतर कमी करत न्यावे. गाडी पहिल्या गिअरमध्ये असावी, रेस किंचित आणि एकसारखी असावी, आणि वेग कमी-जास्त करण्याचे काम हाफ क्लच (अर्धवट दाबून धरलेला क्लच) व मागचा ब्रेक यांच्याकडे सोपवावे. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला, की पुढचे चाक जागीच थबकते आणि गाडी आतल्या बाजूला कोसळते. म्हणून आठ काढताना उजव्या हाताची बोटे पुढच्या ब्रेकवर ठेवूच नयेत. वळताना गाडी थोडी आत झुकली तरी चालते, मात्र अंग ताठ ठेवावे.

उजवे वळण अनेकांना अधिक जड जाते. याचे कारण असे, की हँडल पूर्ण उजवीकडे वळले की उजवा हात अंगाजवळ येतो, मनगट आपोआप पिळले जाते आणि नकळत रेस वाढते. कोपर थोडे बाहेर काढून मनगट सैल ठेवले, तर ही अडचण बरीच कमी होते. डाव्या वळणाच्या दुप्पट वेळा उजव्या वळणाचा सराव करावा.

माझ्या पहिल्या चाचणीत मी दुसऱ्या वळणावर पाय टेकला आणि नापास झालो. क्लचमध्ये काही चूक नव्हती. मी पुढच्या चाकाकडे पाहत होतो. नजर जिथे जाते तिथे गाडी जाते, हे मला तेव्हा कळले. एक वीट ओलांडण्यापूर्वीच मान वळवून पुढच्या विटेच्या पलीकडची जागा पाहावी.

बाकीच्या बाबी तुलनेने सोप्या आहेत, पण त्या अंगवळणी पडलेल्या असाव्यात. निघण्यापूर्वी आरसे नीट करावेत, मागे पाहावे, इंडिकेटर द्यावा आणि वळण संपताच तो बंद करावा. हाताच्या खुणाही शिकून घ्याव्यात: उजवीकडे वळायचे असल्यास उजवा हात आडवा करून तळवा पुढे ठेवायचा, आणि वेग कमी करायचा असल्यास तळवा खाली ठेवून हात वर-खाली हलवायचा. सरळ थांबताना मात्र दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबावेत. मंद वेगातील हाच तोल पुढे महाद्वार रोडच्या गर्दीत रोज कामी येतो.

चाचणीच्या दिवशी ज्या गाडीवर सराव केला तीच न्यावी आणि तिची आरसी, विमा व पीयूसी यांची मुदत आदल्या दिवशी तपासावी. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली लावलेला असावा. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते, पण तीन वेळा नापास झालेल्याला शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते. त्यामुळे सरावात सलग दहा वेळा पाय न टेकता आठ निघत नसेल, तर चाचणीची तारीख थोडी पुढची घेणे चांगले.