झाडावर चढताना कॅराबिनर कोणता?

पावसाळ्याआधी ठाण्यात गुलमोहर, पर्जन्यवृक्षाच्या फांद्या छाटायला चढताना जीव ज्या कॅराबिनरवर (दोर अडकवायच्या धातूच्या कडीवर) टांगलेला असतो, तो तीन हालचालींनी उघडणारा आणि आपोआप लॉक होणारा हवा: आधी लॉकची नळी सरकवायची, मग ती फिरवायची, मग गेट (कडीची उघडणारी बाजू) आत दाबायचं. स्क्रूवालं लॉक दोर किंवा साल घासून हळूहळू सैल होतं. वर असताना ते कळतही नाही. कण्यावर (गेटसमोरच्या बाजूवर) 'ईएन ३६२' हे युरोपीय मानक आणि ताकदीचा किलोन्यूटनमधला आकडा कोरलेला बघा. ताकद लांबीच्या दिशेनेच असते. आडवा ताण आला की ती साधारण तिसऱ्या हिश्शावर येते, म्हणून भार टाकण्याआधी कॅराबिनर सरळ बसलाय ना, हे पाहा. फांदीवर टेकून वाकेल असा तर कधीच ठेवू नका.

लॉक झाल्याचा नुसता 'टक' आवाज पुरेसा नाही. न फिरवता गेट दाबून बघा. हललं तर लॉक नाही. बहुतेक वेळा आत करवतीचा भुसा किंवा चीक अडकलेला असतो. कोमट पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, बिजागरीला कोरडं वंगण द्या. तेलाला भुसा चिकटतो. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत हे जरा वरचेवर करावं लागतं. दोराने खाच पाडली असेल किंवा स्प्रिंग मंदावली असेल, तर सरळ बाद करा.