गावच्या दुकानात ‘नाही’ची वही कशी ठेवावी

उधारीची वही नसलेला दुकानदार आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही. परंतु गिऱ्हाइकाने मागितलेला आणि आपल्याकडे नसलेला माल लिहून ठेवणारा दुकानदार क्वचितच भेटतो. उधारीचा पैसा कापूस विकला की आज ना उद्या हाती येतो. ‘नाही’ ऐकून पायरी उतरलेल्या गिऱ्हाइकाचा पैसा मात्र कोणत्याच वहीत दिसत नाही, त्यामुळे तो गेला हेही आपल्याला उमगत नाही. गावाकडचा माणूस सहसा तक्रार करत नाही. तो “बरं” म्हणतो आणि पुढच्या खेपेस तालुक्याला जाणाऱ्या एसटीत बसतो.

माझे कृषी सेवा केंद्र आहे. ऑगस्टमधली गोष्ट, पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, तुडतुडे ही रस शोषणारी कीड आली होती आणि गावभर फवारणी चालू होती. मी युरियाच्या गोण्या उतरवून घेत असताना एका शेतकऱ्याने विचारले, “भाऊ, पंपाचं वायसर हाय काय?” त्याला फवारणी पंपाचा वॉशर हवा होता. मी मान वर न करता “नाही” म्हणालो. संध्याकाळी तोच माणूस एसटीतून उतरला, तेव्हा त्याच्या पिशवीत वायसर होते, नोझल होते आणि माझ्या मांडणीवर भरपूर असलेल्या कीटकनाशकाचे दोन डबेही होते. पुढच्या खरिपाचे बियाणेसुद्धा त्याने तिकडूनच आणले. काही रुपयांच्या वायसरपायी माझ्या हातून एक घर गेले, आणि त्यानंतर मी ही वही सुरू केली.

वही साधी शंभर पानी असावी, गल्ल्याजवळ असावी आणि पेन तिला दोरीने बांधलेले असावे, कारण गर्दीत पेन शोधावे लागले तर नोंद राहूनच जाते. तारीख, कोणी मागितले, काय मागितले आणि आपण काय उत्तर दिले, एवढे चार रकाने पुरेत. दुकानावर मुलगा किंवा नोकर बसत असेल तर त्यालाही ही सवय लावावी. मालक नसताना दिली गेलेली ‘नाही’ सर्वांत महाग पडते. पंधरा दिवसांत एकच वस्तू तीनदा लिहिली गेली, तर ती मागवावी.

उत्तराचा रकाना मी मुद्दाम ठेवला आहे. नुसते “नाही” म्हणू नये. “आज नाही काकाजी, बाजाराच्या दिवशी आणून ठेवतो, नंबर लिहून द्या” असे म्हणावे आणि त्या दिवशी फोन करावा. माल आला नसेल तरीही करावा. शब्द दिलेल्या दिवशी फोन आला की माणूस आणखी दोन दिवस थांबतो, असा माझा अनुभव आहे.

उधारीमुळे निसटणारे गिऱ्हाईक याहून अवघड असते. ज्याच्याकडे आपले पैसे अडकले आहेत, तो हाती रोख आली की ती घेऊन दुसऱ्या दुकानात जातो, कारण आपल्या दारात आला तर जुन्या बाकीची आठवण निघेल याची त्याला लाज वाटते. म्हणून चार लोकांदेखत बाकी कधीही मागू नये. त्याच्या वावराच्या बांधावर जाऊन, “बाकी कापूस निघाल्यावर पाहू, आत्ताचा रोखीचा माल मात्र आपल्याकडूनच न्या” असे स्पष्ट सांगावे. ही वाक्ये बोलायला जड जातात. पण न बोलल्यास बाकीही राहते आणि माणूसही जातो.

काही संधी मात्र कोणी मागायला येण्यापूर्वीच निघून जातात. सोयाबीनचे घरचे बियाणे पेरणाऱ्याला अनेक दुकानदार गिऱ्हाईक समजतच नाहीत. मे महिन्यात त्याला उगवणक्षमता तपासायला शिकवावे: ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, ओल टिकवावी आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजावेत. सत्तर किंवा अधिक निघाले तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. कमी निघाल्यास प्रमाण वाढवावे लागते किंवा नवी बॅग घ्यावी लागते. बियाणे घरचे असले तरी बीजप्रक्रियेसाठी आधी बुरशीनाशक आणि त्यानंतर रायझोबियम हे जिवाणू खत लागतेच, आणि ज्याने तपासणी शिकवली त्याच्याकडेच शेतकरी ते घ्यायला येतो.

मिरगाच्या दिवसांत दुकान सकाळी लवकर उघडावे, बाजाराच्या दिवशी जेवणासाठी बंद ठेवू नये आणि यूपीआयचा क्यूआर कोड समोर लावावा, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

वितरकाकडे खरिपाची मागणी नोंदवण्यापूर्वी मागच्या वर्षीची जुलै ते सप्टेंबरची पाने उघडून बसावे. माझ्या पहिल्या वहीत त्या तीन महिन्यांत वायसर नऊ वेळा, नोझल सहा वेळा आणि फवारणीचे हातमोजे चार वेळा लिहिलेले होते. आता या तिन्ही वस्तू गल्ल्यामागच्या बरणीत आणि खोक्यात, हात पुरेल अशा जागी ठेवलेल्या असतात.