डीआर ड्रिलच्या आधी नोंदीची तयारी

डीआर (डिझास्टर रिकव्हरी) ड्रिल म्हणजे मुख्य, प्रायमरी साइट बंद पडली तर पर्यायी, डीआर साइटवरून काम चालवण्याचा सराव. त्याची तारीख ठरली की सगळे सर्व्हरच्या मागे लागतात. नोंद कोण ठेवणार, हा प्रश्न त्या दिवशी सकाळी निघतो. तो आठवडाभर आधी मिटवा. नोंदीला वेगळा माणूस लावा आणि त्या दिवशी त्याला दुसरं काही काम देऊ नका. डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) ‘तूच लिही रे’ म्हटलं, की तो संध्याकाळी आठवून लिहितो आणि सगळ्या वेळा पाच-दहाच्या पटीत येतात. मुरलेल्या ऑडिटरला ते लगेच कळतं.

प्रसंग नीट मांडा. ‘प्रायमरी साइट बंद’ एवढ्यावर भागत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, हे नागपूरकरांना सांगायला नको. तसंच लिहा: तळघरातल्या यूपीएसमध्ये पाणी, निम्मी टीम घरी अडकलेली. मग स्विचओव्हरचा, म्हणजे काम डीआरवर हलवण्याचा, निर्णय कोणी, कोणाला फोन करून घेतला, हेही नोंदीत येतं. आरटीओचं (काम पुन्हा सुरू करायला ठरवलेल्या कमाल वेळेचं) घड्याळ यंत्रणा बंद पडल्यापासून सुरू होणार की निर्णयापासून, आणि थांबणार कधी, हे आधीच लिहून सही घ्या. माझ्या मते ते थांबावं शाखेतला पहिला खरा व्यवहार झाल्यावर; नुसत्या पिंगला (सर्व्हर जागा आहे का, एवढंच विचारणाऱ्या संदेशाला) उत्तर आलं म्हणून नाही. आरपीओसाठी, म्हणजे किती डेटा गमावला तर चालेल ती मर्यादा तपासायला, प्रायमरीवरचा शेवटचा व्यवहार क्रमांक टिपा आणि डीआरवर तोच शोधा.

घड्याळं आदल्या दिवशी जुळवा. सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवणी आणि १८० दिवस लॉग जपणं बंधनकारक केलंच आहे. एका साइटचे लॉग यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) निघाले तर साडेपाच तासांचा घोळ निस्तरत बसाल.

नोंदीची शीट प्रायमरीवरच्या शेअर ड्राइव्हवर ठेवू नका. हसू नका, होतं असं. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये पासवर्ड आणि ग्राहकांची माहिती झाकली जाते ना, ते पाहा.

ओळ अशी हवी: ‘११:०७, अ‍ॅप डीआरवर चालू, सीताबर्डी शाखेतून लॉगिन होत नाही. ११:३१, जुना आयपी शाखेच्या डीएनएस कॅशेत सापडला, टीटीएल कमी करायचा राहिला होता. कॅशे साफ केली. रनबुकात ही पायरी नाही.’ (म्हणजे शाखेतली यंत्रं साठवलेल्या जुन्या पत्त्यावरच जात होती. टीटीएल म्हणजे तो पत्ता किती वेळ साठवायचा ती मुदत; रनबुक म्हणजे पायऱ्यांची लेखी यादी.) ही ओळ अहवालातून गाळायचा मोह वरच्यांना होणार. गाळू देऊ नका. नवा माणूस शिकेल तो याच ओळीवरून, आणि एकही अडचण नसलेला अहवाल पाहून ऑडिटर उलट जास्त खोदतो.

बँकेत असाल तर रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले आयटी निर्देश वाचा: महत्त्वाच्या प्रणालींचं ड्रिल किमान सहामाही, आणि डीआरवर किमान एक पूर्ण कामकाजाचा दिवस, दिवस उघडण्यापासून बंद करण्यापर्यंत. म्हणजे नोंद ठेवणारेही दोघे लागतील, पाळीने.

फेलबॅकची, म्हणजे काम प्रायमरीवर परत नेण्याची, नोंद सहसा राहून जाते, तोवर सगळे थकलेले असतात. तिचा नमुना आधीच छापून ठेवा. निघालेल्या प्रत्येक त्रुटीपुढे नाव आणि तारखेचा रकाना असू द्या आणि तो दुसऱ्याच दिवशी भरून घ्या.